थोरलीचा चष्मा

२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या थोरलीला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत आणि मी मागणं घेऊन तुझ्या दारात उभी, मला माझीच लाज वाटते. पोर माझ्याकडे हवापालटाला आली आणि माझ्याच घरून तापात हॉस्पिटलात गेली, ती परत आली नाही. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस, तेच जास्त लागतं.

पण माझ्या धाकटीचं सांगायलाच हवं. गुण उत्तम पडले, तरी आमच्या राज्यात मेडिकल कॉलेजच नाही. तुमच्याकडच्या कॉलेजात जवळजवळ सगळ्या जागा तिथल्या रहिवाशांना. बाहेरच्यांना उरतात मूठभर, आणि त्यांवर चहूकडून उड्या पडतात. तिच्याएवढ्याच गुणांवर तुमच्याकडची मुलगी हसत आत जाते, आमची उंबऱ्याबाहेर राहते. सलग वर्षभर तुझ्याकडे राहून तिथून परीक्षा दिली, तर तीही रहिवासी धरतील.

आपण दोघी बहिणी एकाच घरात सुना म्हणून आलो आणि दोघींनीही सासूबाईंचंच नाव मुलीला ठेवायचा हट्ट केला. एका नावाच्या, एका आडनावाच्या, एका तोंडवळ्याच्या दोन पोरी. सासूबाई म्हणायच्या, हाक मारली तर दोघी येतात, काम सांगितलं तर एकही नाही. घरचे दोघे पुरुष आधीच गेले; आता त्या पोरींतली ही उरलेली तुझ्या पदरात घालते.

रागावलीस तरी तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझी
बेबी


१० जून

चि. बेबीस,
अ. उ. आ.

पाठव. विचारायचं काय त्यात?

चष्म्याचं दुकान पुन्हा उघडलं आहे. काचा घासायचं यंत्र चालू असलं की बरं वाटतं, कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. थोरलीची खोली रोज झाडते. शेजारची शिंपीणबाई विचारते, लेक कधी येणार? मी सांगते, मावशीकडे आहे, येईल. दुसरं काही माझ्या तोंडून निघत नाही. तूही इथे कुणाला काही कळवू नकोस.

पोरीला लवकर पाठव. घर फार शांत झालं आहे.
तुझी
ताई


२० ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, अभ्यास जोरात आहे, आणि तू समजतेस तशी उपाशी तर मुळीच नाही. मावशी ताटातलं संपेपर्यंत समोरून हलत नाही.

एक गंमत सांगते, गंमतच समज. मी आले त्या दिवशी शिंपीणबाईनं दारातच मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, आलीस गं बाई, मावशीकडे किती दिवस राहायचं ते! मी मावशीकडे पाहिलं. ती माझी पिशवी घेऊन आत गेली. मीही तिच्यामागून आत गेले.

थोरलीच्या खोलीत तिचे कपडे तसेच आहेत. पुस्तकांवर तिच्या खुणा आहेत, आणि जिथे मी अडते नेमकी तिथेच तीही अडलेली असते. मावशीनं तिचा चष्मा मला दिला. मला कुठे चष्मा होता? लावला की सगळं पुसट दिसतं, डोकं ठणकतं. पण तो लावून समोर बसले की मावशी जेवते, म्हणून जेवणापुरता लावते.

तुझी आठवण रोज येते. लोभ आहे तसा राहू दे.
तुझी
धाकटी


८ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पाय आता टेकवतेस ना? जिन्यावरून जपून. आता मन घट्ट करून वाच.

परीक्षेत मी वर आले आहे. पण काल रहिवासाची चौकशी करायला कॉलेजचा माणूस आला. तुझा पाय मोडला तेव्हा मी तिकडे येऊन राहिले, त्यामुळे माझं सलग वर्ष भरत नाही, हे मी त्याला सांगणारच होते. त्याआधी त्यानं मावशीला विचारलं, मुलगी इथे कधीपासून? मावशी म्हणाली, जन्मापासून. शिंपीणबाईही शपथेवर तेच म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती गं, तिला तसंच वाटतं. मग त्यानं विचारलं, मागच्या वर्षीच्या परीक्षेच्या यादीत याच नावाची मुलगी शेजारच्या राज्यातली दिसते, ती कोण? मावशी यंत्र पुसत शांतपणे म्हणाली, ती माझ्या बहिणीची. मागच्या वर्षी तापात गेली.

हॉस्पिटलच्या दप्तरात नाव तेच, गावही आपलंच. त्यानं दु:ख झाल्याचं सांगितलं आणि गेला.

आई, मी उद्या जाऊन खरं सांगू का? सांगितलं तर जागा जाते, आणि मावशीला तिची लेक गेली हे चारचौघांत म्हणावं लागेल. तू सांगशील तसं करीन. आणखी एक. चष्मा हल्ली काढला की पुसट दिसतं.

तुझी
धाकटी


१४ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गप्प राहा. दोन वर्षांची मेहनत हातची घालवू नकोस. कागदावर कुणी मेलं म्हणून माणूस मरत नाही. प्रवेश होईपर्यंत तोंडदेखली थोरली हो, पुढचं पुढे पाहू. ताईलाही तेवढाच विरंगुळा. डोळ्यांचं म्हणशील तर वाचून वाचून नंबर लागला असेल, दुसरं काय?

तुझी वाट पाहणारी
आई


३० जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दीड महिना झाला, तुझी ओळही नाही. ताईचं मात्र पत्र आलं, माझ्या थोरलीला प्रवेश मिळाला म्हणून. खाली लिहिलं होतं, तुझं दु:ख मला कळतं, बेबी, काळानं कमी होईल. ते वाचलं आणि तशीच हे पत्र लिहायला बसले.

माझं चुकलं. सपशेल चुकलं. मीच तुला गप्प राहा म्हटलं. मला डॉक्टर नको, माझी पोर हवी. हे मिळताच निघून ये. कुणाची भीती धरू नकोस, मी येऊन सगळं खरं सांगीन. दार लोटलेलंच ठेवते.

आधी एक ओळ लिही. हाक मारलेली ऐकू येते ना तुला?
तुझी, तुझीच
आई


१२ जुलै

तीर्थरूप मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यावर ‘धाकटी’ लिहिलेलं पाहून पोस्टमन घुटमळला, मग शिंपीणबाईनं त्याला समजावलं की बिचाऱ्या मावशीच्या मनावर परिणाम झाला आहे, गेलेल्या मुलीला पत्रं लिहिते. तू इथे येऊन काही सांगितलंस तरी लोक तुला पाणी देतील, बसवतील आणि पुन्हा गाडीत नेऊन बसवतील. म्हणून येऊ नकोस. तुझे हाल मला बघवणार नाहीत.

कॉलेज सुरू झालं. आई दुकान लवकर बंद करून मला आणायला फाटकाशी येते. आता ती सगळ्यांशी बोलते, कधी हसतेसुद्धा. चष्मा मला दिवसभर लागतो आणि त्यातून सगळं अगदी स्वच्छ दिसतं.

धाकटीची मला फार आठवण येते. तिच्या पुस्तकांवरही खुणा असतील, त्या पुसू नकोस. सुरुवातीला ती इथे खोलीत रडायची, तुला हाका मारायची. हल्ली येत नाही.

दार लावून घेत जा, मावशी. लोभ असू दे, पण थोरलीवर.
तुझी भाची