पाच अंशाची पाचर

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आणि वरून म्हणतात जीप मीच खराब केली! मीच!

दर पावसाळ्यात ओढ्यात पोट टेकून बसायची तेव्हा बैल जुंपून कोण काढायचं तिला? तेव्हा बापू स्वतःच म्हणायचे, "हिला पाय लांब पायजे होते." मग केले मी लांब. स्प्रिंगचे पाटे चाकांच्या आसाच्या, म्हणजे हौसिंगच्या, खाली होते ते वर बसवले, टायर मोठे टाकले. जीप चांगली सहा इंच उचलली. जूनमध्ये अख्खा तांडा ओढ्याच्या काठावर उभा होता — अन् जीप पाण्यातून अशी गेली जशी म्हैस जाते, डोकं वर धरून.

आज फोनवर म्हणे, "चाळीसच्या वर गेली की दात वाजतात. तुझी याडी (म्हणजे आई) म्हणते मी पायी जाते. उंट करून ठेवलास जीपचा, अन् आपण उंटाच्या मुलखात पळून गेलास!"

पळून न्हाई आलो. कामाला आलो.

वसमतचा भंगारवाला बावीस हजार देतो म्हणे. दिवाळीआधी नेणार. मी म्हणलं, कागद माझ्या नावावर हायेत. दोन वर्षं ऊसतोडीला गेलो तेव्हा घेतली.

"कागद तुझ्या नावावर असतील. उभी माझ्या अंगणात हाय."

फोन कट.

२७ सप्टेंबर

इथं वाळूच्या टेकड्यांवर पाहुणे फिरवायच्या नऊ जिपा हायेत. मी दिवसभर त्यांच्या खाली. नऊच्या नऊ उचललेल्या, माझ्यासारख्याच. एकही थरथरत न्हाई! काहून?

उस्तादला विचारलं. जैसलमेरचाच म्हातारा, बोलतो कमी. माझं सगळं ऐकून म्हणाला, "टाँगें लंबी कर दीं, कमर सीधी नहीं की."

मग बोटानं वाळूत काढून दाखवलं. इथं गिअरबॉक्स, तिथं मागची हौसिंग, मधे शाफ्ट. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, तिथं तो वाकतो. जेवढा पुढं वाकतो तेवढाच मागं वाकला पायजे. मग पुढच्याचा झटका मागचा खाऊन टाकतो. जीप उचलली की मागचं टोक वाकडं राहतं, झटका कोणीच खात न्हाई, तो माणसाच्या दातात येतो.

मी अजून बघूनच राहिलो होतो तर वारा आला अन् शाफ्ट पुसून गेला. आधी गिअरबॉक्स गेला, मग हौसिंग. वाळू पुन्हा कोरी.

२८ सप्टेंबर, रविवार

बहिणीला, पुजाला, फोन केला. घरात जीप तिच्याशिवाय कोणी नीट चालवत न्हाई. तिला म्हणलं, हट्ट्याच्या रस्त्याला घे, पन्नासला गेली की गिअर काढ, नुसती सोड. मग सांग काय थरथरतं — हात का बूड?

"काय?"

"स्टेअरिंग थरथरलं तर हात. मग टायरचा दोष. मागून आलं तर —"

"कळलं, कळलं! बापू इथंच बसलेत."

अर्ध्या तासानं मेसेज आला. एकच शब्द. बूड.

म्हणजे शाफ्टच. उस्ताद बरोबर.

२९ सप्टेंबर

सकाळी ऊन तिरपं होतं तेव्हा टेकड्यांच्या सावल्या काळ्या दिसल्या, एकीमागं एक, बराबर आपल्या रानात पाऊस उघडल्यावर तास पडलेले दिसतात तशा. घटकाभर मला ओल्या मातीचा वास आला. इथं कुठली ओली माती.

टाकीवर पाण्याला एक म्हातारी येते. तिचे निम्मे शब्द आमच्या तांड्यातले! घरी आमी गोरमाटीच बोलतो, मराठी सातवीपर्यंत शाळेत शिकलो तेवढी, ती या वहीत. आमी भाकरीला बाटी म्हणतो, तीबी बाटीच म्हणते, फक्त तिची गोळ्यासारखी असते. याडीसारखाच पदर कपाळावर ओढते. मी तिला सांगितलं, आमचे लोक इकडूनच गेले म्हणतात, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून. ती म्हणाली, मग तुला परत यायला एवढा उशीर काहून झाला?

दुपारभर जीपखाली पडून तेच बघत होतो. हजार बैल वाळूतून चाललेत, गळ्यात घुंगरं, पाठीवर गोण्या. शाफ्ट न्हाई, क्रॉस न्हाई, कशाची थरथर न्हाई. कोणीतरी पुढं, कोणीतरी मागं, अन् मधे लेकरू बैलावरच झोपलेलं.

उस्तादनं पायाला पाना मारला तेव्हा उठलो.

३० सप्टेंबर

पुजाचा नांदेडला नर्सिंगला नंबर लागला! फी अन् होस्टेल धरून बापूंच्या आवाक्याबाहेर. फी भरायची तारीख दिवाळीनंतरची.

मी म्हणलं, जीप नीट झाली की मार्चात हळदीच्या गोण्या वसमतच्या मोंढ्यावर टाकायच्या. भाडं चांगलं मिळतं. दोन हंगामात फी निघते.

"दोन हंगाम थांबतात व्हय कॉलेजवाले?"

बघू म्हणलं. आधी थरथर तर जाऊ दे. भंगारात गेली तर काहीच न्हाई.

१ ऑक्टोबर

पुजा जीपखाली गेली, मोबाइल शाफ्टला लावून अंश मोजले. बापू पायऱ्यांवरून म्हणे, "ही पोरगी हाय का मिस्त्री?" ती आतून म्हणाली, "तुमाला कोण पायजे ते सांगा."

पुढं गिअरबॉक्सला चार. मागं चार वर पायजे तर उलटं एक खाली. म्हणजे फरक पाचाचा. दोष माझाच — पाट्यांच्या बैठका मी नजरेनंच वेल्ड करून घेतल्या होत्या. (बापूंना सांगायचं न्हाई.)

उस्ताद म्हणाला, डबल जॉइंटचा शाफ्ट टाक, चौदा हजार. मी नुसतं बघितलं त्याच्याकडं. मग हसला. म्हणे गरिबाचा इलाज म्हणजे पाचर. पाटा अन् बैठक यांच्या मधे लोखंडाची पाचर घालायची, जाड बाजू मागं. हौसिंग नाक वर करते, कोन जुळतो.

पाचर कोण करणार? बाळापूरचा लोहार सुदाम. जन्मभर वखराच्या पासा केल्या त्यानं. फोनवर म्हणाला, "अंश-बिंश मला कळत न्हाई. किती बोटं ते सांग."

उस्तादकडून हिशेब करून घेतला. बारा सेंटिमीटर लांब, एक कड सुरीच्या धारेसारखी, दुसरी करंगळीएवढी. सुदाम म्हणे, "हां, आता मराठीत बोललास." दोन पाचरींचे सहाशे. मागचा क्रॉसही सुकला होता, तो साडेचारशे. पुजानं शाफ्ट काढून त्याचे एकात एक सरकणारे दोन तुकडे वेगळे केले, ग्रीस भरायला पोत्यावर ठेवले. मी सांगितलं होतं, तुकडे वेगळे करायच्या आधी दोन्हींवर मिळून एक खूण कर, परत तशीच जुळली पायजे. केली म्हणाली.

२ ऑक्टोबर

दसरा. इथं सुट्टी न्हाई. नऊ जिपांना हार घातले, मीच.

३ ऑक्टोबर

पाचर बसली. क्रॉस बसला. शाफ्ट बसला.

थरथर दुप्पट!

पुजाचा आवाज रडवेला. तीसलाच आरसा हलतो म्हणे. बापूंनी भंगारवाल्याला फोन लावला. सोमवारी येतो.

४ ऑक्टोबर

कामात लक्ष न्हाई. जाड बाजू पुढं तर न्हाई ना लावली? न्हाई, फोटो बघितला, मागंच हाय. सुदामचं माप चुकलं? पुजानं पुन्हा अंश मोजले. पुढं चार, मागं चार. सगळं बराबर अन् जीप मरून राहिली.

डोळे मिटले की ती क्रेनला लटकलेली दिसते. चारही चाकं हवेत, अजून फिरून राहिलीत.

५ ऑक्टोबर, रविवार

सापडलं! हसू येऊन राहिलंय अजून, लिहिता येईना.

उस्ताद म्हणाला, पूर्ण शाफ्टचा फोटो मागव, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आला. त्यानं एकदाच बघितला अन् कपाळाला हात लावला. शाफ्टच्या दोन्ही टोकांना चिमट्यासारखे कान असतात, क्रॉस त्यात बसतो. दोन्हीकडचे कान एका रेषेत पायजेत. आमचे? एक आडवे, एक तिरपे. तुकडे जुळवताना फिरले.

पुजाला फोन.

"खूण जुळवली होतीस का?"

"बराबर जुळवली! हळदीला हळद."

"हळद?"

"घरात खडू नव्हता. ओल्या हळदीची रेघ ओढली होती दोन्हींवर. परवा बघितलं तर दोन्हींवर हळद व्हती. जुळवली."

मागून याडीचा आवाज — "काय म्हणतो गं?" मग पुजा, "याडी, दसऱ्याला तू पोत्यावरचे ते लोखंडाचे दांडे..."

"पुजले की! विळे पुजले, खुरपी पुजली, वखर पुजला. तुझ्या भियाचं हत्यार तेवढं तसंच ठेवू व्हय? राखेनं घासले, धुतले, हळदीकुंकवाची बोटं लावली. फुलंबी ठेवली."

राखेनं घासले! पुजाची रेघ गेली ओढ्याला, अन् तिनं जुळवली याडीची बोटं!

पुजा हसता हसता खाली बसली असणार, फोन कुठंतरी पडला. बापूंचा आवाज लांबून आला, "काय झालं? मेली का जीप?" याडी म्हणत होती, "माझ्या पूजेला हसतात बघा."

उस्तादला सांगितलं. तो हसला न्हाई. म्हणाला, तेरी माँ ने सही किया, निशान लोहे की छेनी से लगाना था. मग तोंड फिरवून खांदे हलवत बसला.

६ ऑक्टोबर, सोमवार

पुजानं सकाळीच शाफ्ट उघडला, कानाला कान लावून बसवला. छिन्नीनं खूण केली. दहाला भंगारवाला आला. बापू म्हणाले, चल, बघून घे एकदा. त्याला शेजारी बसवून स्वतः चालवायला बसले.

पुजा सांगत होती अन् मी वाळूवर उकिडवा बसून ऐकत होतो. मला ते दोघं दिसूनच राहिले होते. ओढा. मग चढ. मग हट्ट्याचा रस्ता. तीस. चाळीस. पन्नास. बापूंचा जबडा आवळलेला, दात वाजायची वाट बघत. साठ! अन् काहीच न्हाई. नुसता वारा.

भंगारवाला म्हणाला, मोहनसिंगभाऊ, तीस हजार देतो. बापूंनी गाडी बाजूला घेतली.

"उतर."

"आँ?"

"इथून हट्टा जवळ हाय. बस मिळते वसमतला."

तिथंच उतरवला त्याला! परत आल्यावर पायऱ्यांवर बसून चहा पीत म्हणे, "आता कशी बसल्या जागी झोप येते." माझं नाव काढलं न्हाई. पण फोन पुजाच्या हातातून घेतला अन् नुसता कानाला धरून उभे राहिले. श्वास ऐकू येत होता दोघांचा.

१२ ऑक्टोबर

पाहुणे आलेत, काम लई. आठ जिपा चालू, एकीचा क्रॉस गेला. मी बदलला, एकट्यानं. छिन्नीनं खूण करून.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. तांड्यात पोरी दिवे घेऊन घरोघर फिरत असतील. पुजाचं हे तिथलं शेवटचं की काय, असं उगाच मनात आलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज सुट्टी. एकटाच टेकडीवर चढून बसलो. सगळीकडं वाळू, माझ्या पावलांची एकच रेघ.

मार्चात जाईन. हळद निघाली की. जीपला मागं लोखंडी कठडा करून घेईन सुदामकडून, म्हणजे गोण्या घसरणार न्हाईत. पहाटे निघायचं, ओढा ओलांडायचा, सूर्य उगवायच्या आत मोंढ्यावर. याडी पुढं बसेल. वाटेत कोणी हात केला तर घ्यायचं, पैसे न्हाई मागायचे. परत येताना गाडी रिकामी, पण फळ्यांत हळदीची पिवळी भुकटी राहिलेली, वाऱ्यानं उडून राहिली मागं मागं. रस्ता पिवळा होत जाऊन राहिला. साठनं चाललोय अन् खालून आवाज येत न्हाई, जणू जीप रस्त्याच्या बोटभर वरून चाललीय.

किती वेळ बसलो कोण जाणे. उठलो तर पावलांची रेघ पुसली होती.

३० ऑक्टोबर, गुरुवार

जीप विकली. पुजानं. कळमनुरीकडचा एक हळदीवाला, त्याच्याबी शेताच्या वाटेत ओढा हाय. पंच्याऐंशी हजार. बापू म्हणे, "मी नको म्हणून राहिलो होतो, पोरगीच ऐकंना." तिनं फोन घेतला. "भिया, तू म्हणशील तर आत्ता न्हाई म्हणून सांगते त्याला. उद्या फीची शेवटची तारीख हाय." नावावरून गाडी उतरवायचा ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला होता. सहा आकडे. मी एकेक वाचून दाखवला, ती तिकडून म्हणत गेली माझ्यामागं.

फी अन् होस्टेल मिळून ब्याण्णव हजार दोनशे. कमी पडले ते आत्ताच पाठवले — सात हजार दोनशे.