भिंती सुकेपर्यंत

१४ ऑक्टोबर १८६१, पॅरिस

आलो एकदाचे. बुलव्हारवरचं, म्हणजे नव्या रुंद रस्त्यावरचं, कोरं करकरीत घर, चौथा मजला, ऐसपैस खोल्या, लोखंडी कठड्याची गॅलरी. आणि राहणार कोण, तर मी, हातमोजे शिवणारी सिदोनी, आणि शिंगाचे कंगवे कोरणारे माझे म्हातारे बाबा. भाडं जवळजवळ नाहीच. गिलावा अजून ओला आहे आणि ओल्या भिंतींत पैसेवाले राहत नाहीत. आधी आमच्यासारख्यांनी राहायचं, दिवसभर शेगडी पेटती ठेवायची, भिंती सुकल्या की निघायचं. खालची दारवानीण मादाम गोबेर किल्ली देताना म्हणाली, "तुम्ही भाडेकरू नाही गं, चालत्याबोलत्या शेगड्या आहात." मला हसूच आलं.

आई गेल्यावर मावशीने मला तान्हीच तिच्या गावी, रुआँला नेलं, त्यामुळे हे शहर मला नवंच. बाबांना नाही. त्यांची कंगवेवाल्यांची गल्ली इथेच होती, बरोबर या घराच्या जागी. बुलव्हारसाठी सगळी पाडली. तेव्हापासून ते शहराच्या कडेला, बेलव्हीलला, फळ्यांच्या खोपटात खोकत पडले होते. म्हणून तर मी आले. आज गॅलरीत उभे राहून त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, घरी आलो." रात्रीच्या जेवणाला कांद्याचं सूप केलं. दोनदा मागून घेतलं त्यांनी.

१९ ऑक्टोबर

भिंतींना घाम फुटतो. सकाळी फडक्याने पुसते, दुपारी पुन्हा ओल्या. चादरींना चुन्याचा वास. शेगडीजवळ बसून हातमोजे शिवते, तिथेच तेवढं ऊबदार आहे.

बाबांची एक गंमत. खोलीच्या मधोमध आले की मान खाली घालतात, जणू वर तुळई आहे. धुराड्याकडे वळताना एक पाय जपून टाकतात, पायरी उतरल्यासारखा. मी हसले तर म्हणाले की आपली जुनी खोली इथेच होती, याच उंचीवर. "आता ती हवेत आहे म्हण. जमीन जरा खाली होती, एवढंच." पायांची सवय जात नाही म्हणे.

२७ ऑक्टोबर

बाबा कुणाशी तरी बोलतात. विचारलं तर सांगतात, फेलिसिते आली होती. ही जुन्या घरात जिन्यापलीकडे राहायची, लेस धुऊन इस्त्री करायची. मी मादाम गोबेरकडे चौकशी केली. तीही याच भागातली. ती म्हणाली की फेलिसितेने घर सोडायला नकार दिला होता. मजुरांनी तिच्या डोक्यावरचं छप्पर काढलं तरी खुर्चीत बसून राहिली. पाऊस अंगावर घेतला. धर्मार्थ इस्पितळात गेली ती परत आलीच नाही. बाबांनीच तिच्या शवपेटीला खांदा दिला होता.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक आहे. तरी आज त्यांनी आपली खुर्ची सरकवून तिच्यासाठी जागा केली.

४ नोव्हेंबर

आज मी पाहिली.

सकाळची वेळ, चांगला उजेड होता. सुईत दोरा ओवत होते. मान वर केली तर समोर एक बाई, डोक्याला धोबिणींची पांढरी टोपी, कडेवर टोपली. गुडघ्यांखाली तिला काही नव्हतं. म्हणजे होतं, पण जमिनीच्या आत होतं. गुडघाभर पाण्यातून माणूस चालतं, तशी ती आमच्या नव्या फरशीतून चालत होती. भिंतीपाशी थांबली आणि गिलाव्यावरून तळहात फिरवू लागली. दाराची कडी चाचपावी तशी. सापडेना. चेहरा भयंकर नव्हता. तेच मला सोसवलं नाही.

बाबा म्हणाले, "घाबरू नकोस. तिला दार सापडत नाहीये."

९ नोव्हेंबर

आता पुष्कळ येतात. सगळे गुडघ्यापर्यंत बुडालेले. सगळे भिंती चाचपतात. बोलत कुणी नाही, फक्त हात फिरल्याचा आवाज — खरखर, खरखर — दिवसभर.

घरमालकाचा माणूस मॉस्यू लेकोर आला होता. त्याने भिंतीला हात लावला, ओल आहे म्हणाला, कोळसा वाढवा. त्याच्या कोपराशीच एक म्हातारा उभा होता. त्याला दिसला नाही.

मी बाबांना विनवलं, चला इथून, कुठेही जाऊ. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "एकदा मला सरकारने हाकललं. तू दुसऱ्यांदा हाकलू नकोस."

मी शेगडीत कोळसा घातला.

१६ नोव्हेंबर

बाबांच्या छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणाला की ही ओलच त्यांना मारते आहे, आजच्या आज बाहेर काढा. कुठे काढू? बेलव्हीलचं खोपट केव्हाच दुसऱ्याला गेलं. मादाम गोबेरने आपली गोधडी आणून दिली. शेगडी लाल होईतो पेटवते. भिंती वाफ सोडतात आणि ती वाफ बाबांच्या छातीत जाते.

२१ नोव्हेंबर

बाबा गेले. दुपारी, खुर्चीतच.

म्हणाले, फेलिसिते बाहेर आहे, दार उघड. मी धावत जाऊन दार उघडलं. म्हणाले, "हे नव्हे गं. आपलं दार."

मला आपलं दार माहीत नाही. मी तिथे वाढलेच नाही कधी —

२३ नोव्हेंबर

मातीला मी, मादाम गोबेर आणि पाद्री. बस.

परत आले. बाबा खोलीच्या मधोमध. गुडघ्यापर्यंत.

भिंतीवर हात फिरवत होते. मी हाक मारली. वळले. मला वाटलं, निदान आता तरी ते घरी असतील. त्यांच्या माणसांत. पण त्यांनी मला विचारलं, "घर कुठाय, पोरी?"

२६ नोव्हेंबर

लेकोर आला. भिंतीवर टिचकी मारली. सुकल्या. उद्या निघा. कुणा वकिलाचं कुटुंब येतंय, पियानो आणताहेत.

मादाम गोबेरने आपल्या बहिणीकडे माळ्यावरची जागा बघितली आहे माझ्यासाठी. चांगली बाई आहे. म्हणते, "खा जरा, स्वतःची भुतासारखी दशा केली आहेस."

बाबांना कसं सांगू? दिवसभर चाचपतात. बोटं झिजली आहेत. खरखर —

२७ नोव्हेंबर

गाडी खाली उभी आहे. सामान गेलं. ही वही आणि मी.

निरोप घ्यायला आत आले. बाबांचा कोट उघडाच. थंडीत नेहमी गुंडी लावायची विसरतात. मी खाली वाकून लावली. त्यांनी माझा हात धरला. गार, पण बाबांचाच हात. सोडवेना.

घागऱ्याची कड ओली लागली म्हणून पाहिलं — घोटे दिसत नाहीत.

पाय उचलवत नाहीत. दुखत नाही. खिडकी मघापेक्षा उंच —

मादाम गोबेर दारात आली आहे. मी हाक मारते आहे. माझ्याकडेच बघते आहे ती. वळून गाडीवाल्याला सांगते आहे की पोरगी न सांगताच गेली वाटतं, खोली तर रिकामीच —