रडण्याचं पाणी चालत नाही

४ फेब्रुवारी

बोटभर कागदी पट्टीची खरी किंमत — पंपदुरुस्तीचं दुकान दिवसभर बंद, गिऱ्हाइकांच्या शिव्या, आणि बायकोचे सुजलेले डोळे. एवढं करून पट्टी वाया!

हिचा उजवा हात थरथरतो. वयाने, की कंपवाताने? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यातलं पाणी तपासू. पद्धत नवी आहे, पण निदानाला मदत होईल. म्हटलं, पाणी काढायचं माझ्यावर सोडा! नर्सने पापणीखाली कागदी पट्टी लावून बाहेर बाकावर बसवलं, तसा हिच्या आईचा शेवटचा दिवस आठवून दिला. ढसाढसा रडली. नर्स धावत आली — "काका, काय केलंत! रडण्याचं पाणी चालत नाही. डोळ्यात नेहमी असतं ते हवं. आता पुढच्या आठवड्यात या."

घरी येताना ही काहीतरी पुटपुटली. ऐकू आलं नाही. तेच बरं.

११ फेब्रुवारी

आज जमलं. पापणीखाली पट्टी, ही स्वस्थ, मी तोंडाला कुलूप लावून.

मग शेजारच्या बाकावरच्या गृहस्थाजवळ कुलूप उघडलं. म्हटलं, सातवी नापास आहे, पण फिरता पंप नुसता ऐकून बिघाड सांगतो. संसारही तसाच चालवला. ही पूर्वी वाघीण होती! आता घरात आवाज चढत नाही. चाळीस वर्षं लागली, पण मवाळ केली. तो म्हणाला, "गुरुमंत्र द्या की राव!"

१६ फेब्रुवारी

अहवाल नाही. सकाळी हिच्या ब्लाउजची बटणं मी लावली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. लेकीचा फोन — "बाबा, आईला जरा मोठ्याने बोलायला सांगा ना!" म्हटलं, तुझा फोनच भिकार. फार दमलोय. काम काहीच केलं नाही, तरी.

२३ फेब्रुवारी

अहवाल आला. पाण्यात नको ते प्रथिन सापडलं. त्या एकट्यावर ठरवत नाहीत म्हणे. पण हात, चाल, सगळं धरून — कंपवातच. गोळ्या सुरू. हिने माझ्याआधी मान डोलावली. मी नळावर तोंड धुऊन आलो. बराच वेळ धुतलं.

२४ फेब्रुवारी

काल डॉक्टरीणबाईंनी हिला विचारलं, आवाज कधीपासून बसलाय? या आजारात तोही बसतो म्हणे.

ही म्हणाली, "दोन वर्षं झाली. यांच्यावर ओरडते हो मी रोज. बाहेरच पडत नाही."