स्वयंपाकघरातलं हायस्कूल

सीडर फोर्क, मिसूरी
३ ऑक्टोबर १९९५

ती. ग्लेंडाताईस,
मेरिलीचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

आमचं हायस्कूल सुरू झालं गं! केझाया नववीत, आशेर सातवीत, शाळा अर्थातच आपल्या स्वयंपाकघरात. चर्चमधल्या बायका म्हणतात, आठवीपर्यंत कुणीही शिकवेल, पुढे मात्र देवच हवा. तो आहे म्हणा, पण बीजगणिताच्या वेळी जरा लांब उभा राहतो.

जीवशास्त्रासाठी बेडूक मागवला होता. चर्चच्या जेवणासाठी केलेल्या अ‍ॅपल पायशेजारी त्याची बरणी ठेवली, आणि आमच्या नवरोबानं, डेलनं, ती लोणच्याची समजून उघडली. त्यानंतर तो त्या पायलाही शिवला नाही.

एक काम. रसायनात 'मोल' म्हणजे काय, ते लिही. मुलांना उद्या सांगते म्हटलं होतं, तो उद्या आता फार लांबलाय. डेलला कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो शिकवणीसकट असू दे.
तुझी मेरिली

डेटन, ओहायो
११ ऑक्टोबर १९९५

चि. मेरिलीस अनेक आशीर्वाद.

डझन म्हणजे बारा, तसं मोल म्हणजे एक अवाढव्य आकडा; वेगळ्या कागदावर मांडून पाठवलाय. आता मोठी बहीण म्हणून बोलते. अगं बये, गावात सरकारी हायस्कूल आहे, प्रयोगशाळा आहे, माझ्यासारख्या पगारी बाया आहेत. मग तू कशाला जीव काढतेस? तुझा पाद्री म्हणतो शाळेत मुलं बिघडतात. इतकी वर्षं शिकवतेय; बिघडण्याइतकं तरी त्यांनी माझं ऐकलं असतं तर!

डेलला नमस्कार. त्याला म्हणावं, बेडकाचं मी नावही काढलेलं नाही.
ग्लेंडा

सीडर फोर्क
१९ एप्रिल १९९७

ती. ताईस सलाम.

मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय. घरी शिकणाऱ्या मुलांच्या वादविवाद स्पर्धेत केझाया पहिली आली. मीच तयारी करून घेतली होती: मुद्दा मांड, आधार दे, समोरच्याला बोलायला जागा ठेवू नकोस. आठवडाभरानं जेवताना तिनं मुद्दा मांडला, की अकरावीला तिला सरकारी शाळेत जायचंय. आधार कुणाचा, तर बायबलमधल्या दानीएलचा! तो म्हणे बाबेलच्या राजाच्या शाळेत शिकला आणि तरी दानीएलच राहिला. डेल म्हणाला, मी प्रार्थना करून सांगतो. ती म्हणाली, बाबा, दानीएलही प्रार्थना करायचा, पण शाळा बुडवून नाही. डेलनं मान खाली घालून बटाटे संपवले.

मला हसूही आलं आणि रडूही. सकाळी उठून मी धडे वाचायचे, मग तिला शिकवायचे. तुला ठाऊकच आहे, मी सतराव्या वर्षी शाळा सोडून लग्न केलं. काय कमी पडलं म्हणून पोर दुसरीकडे निघाली? तू तर म्हणशील, पाठव. तरी लिही.
मेरिली

डेटन
२ मे १९९७

चि. मेरिली,
आशीर्वाद.

नको पाठवूस. वाचून उडालीस ना? माझ्या वर्गात यंदा इतकी मुलं आहेत की मागच्या रांगेतल्या एका मुलीला मी ख्रिसमसपर्यंत दुसरीच्याच नावानं हाक मारत होते. आणि ती ओ देत राहिली. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मी तिला विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, बाई, तुम्हाला वाईट वाटलं असतं. केझायाला निदान तिच्या नावानं हाक मारणारं कुणी आहे. तिला घरीच ठेव.

तुला हे माझ्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून देवानं मला इतकी वर्षं नोकरीत ठेवलं असेल.
ग्लेंडा

सीडर फोर्क
१२ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस सलाम.

तुझं न ऐकता केझायाला शाळेत पाठवलं. आता तरी आपण दोघी एका बाजूला कधी येणार?

केझाया म्हणते, आई, तू पाव तासात सांगतेस ते तिथं आठवडाभर चालतं. मी आशेनं विचारलं, मग परत येतेस का? तर म्हणाली, आई, तिथं मला एखादं गणित आलं नाही तर कुणाचा चेहरा उतरत नाही. ताई, मी भांडी घासत होते ती घासतच राहिले.

मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. पोर सगळ्यात पुढे आहे म्हणाले आणि मी कुठल्या कॉलेजात शिकले ते विचारलं. मी म्हटलं, दहावीपर्यंत. बाहेर गाडीत आल्यावर केझायानं फर्मावलं, की शाळा सोडलेल्यांची बारावीच्या तोडीची परीक्षा असते, ती मी द्यायची. शिकवणार ती! आशेर घरीच आहे; शाळेच्या गाडीसाठी लवकर उठावं लागतं, एवढाच त्याचा धार्मिक आक्षेप. संध्याकाळी आम्ही मायलेक शेजारी बसतो आणि बाईसाहेब ओरडतात. मी कधी इतकी ओरडत होते का गं?
मेरिली

सीडर फोर्क
७ जून १९९८

ती. ताईस,
आनंदाचा सलाम.

पास झाले! बीजगणितातसुद्धा. डेलला गोठ्यात जाऊन सांगितलं. त्यानं दुधाची बादली खाली ठेवली. मग म्हणाला, आता जेवायला माझ्यासारख्या अडाण्याबरोबर बसशील ना?

कौतुकात त्यानं पाद्र्यालाही सांगून टाकलं. रविवारी पाद्र्यानं मला उभं केलं आणि व्यासपीठावरून जाहीर केलं: बघा, सरकारी शाळेचं पुन्हा तोंडही न पाहता आपली एक बहीण बारावीच्या तोडीची झाली, घरच्या शिक्षणाचं हे फळ. सगळं चर्च आमेन म्हणालं. या बहिणीला कुणी शिकवलं, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यात मोठा आमेन मात्र मागच्या बाकावरून आला. तिथे सरकारी शाळेतली अकरावी संपवलेली केझाया बसली होती, आणि तिचा चेहरा अगदी गंभीर होता.

माया असू दे.
तुझी धाकटी
मेरिली