भाकरीचा आवाज थांबायचा तेव्हा

माय,

आज लेकीच्या शाळेत पालकांची बैठक होती. मुलांचा अभ्यास घरी कसा घ्यावा, ते बाई समजावून सांगत होत्या. ऐकता ऐकता मला तू दिसलीस, शिरड शहापूरच्या आमच्या शाळेच्या दारात, चपला हातात घेऊन उभी.

मी तेव्हा दुसरीत असेन. वाचताना सारखी अडखळले म्हणून गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "घरी कुणी पाहतं की नाही तुझ्याकडं?" घरी येऊन मी दप्तर कोपऱ्यात फेकलं. "मी आता शाळंत जात न्हाई. मेंढरांमागं जाते." आपल्या घरात मला कुणी अडवलं नसतं. बापूंना मेंढरांमागं माणूस हवंच होतं, थोरली ताईसुद्धा तशीच शाळा सोडून गेली होती. तू दुसऱ्या दिवशी सकाळी डोईवरचा पदर नीट केलास आणि माझा हात धरून निघालीस. मला वाटलं, आता भांडण होणार. शाळेची पायरी तू त्याआधी कधी चढली नव्हतीस.

"गुर्जी, मला वाचता येत न्हाई," तू म्हणालीस, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी. "पण पोरीकडं पाहायचं हाय. कसं पाहू, तेवढं सांगा."

गुरुजी खुर्चीवरून उठलेच. मग म्हणाले, "तिला रोज मोठ्यानं वाचायला लावा. तुम्ही फक्त ऐका. अडली की पुन्हा वाच म्हणा."

"अडलेलं मला कळंल का?"

"बोलताना माणूस अडलं तर कळतं ना? तसंच."

"व्हय, ते कळतं," तू म्हणालीस आणि तशीच माघारी फिरलीस. मी वर्गात बसून राहिले. दप्तर घरीच होतं.

तेव्हापासून मेंढरं वाड्यात कोंडून झाली की तू चुलीपुढं बसायचीस आणि मी तुझ्या गुडघ्याशी. मी वाचते आहे, तुझे हात भाकरी थापताहेत, थप थप थप. मी अडखळले की थाप थांबते. तू माझ्याकडं बघतही नाहीस, हात तसाच भाकरीवर. मी अक्षर अक्षर जुळवून शब्द काढते, मग पुन्हा थप थप. एकदा पुस्तकाची दोन पानं चिकटली होती आणि मला कळलंच नाही. मी वाचतच गेले. तू थांबलीस. "म्हातारा आत्ता नदीच्या अल्याड होता. पल्याड कवा गेला? पाण्यात उतरल्याबिगर?" मी पानं सोडवली तर खरंच, मधल्या पानावर म्हातारा नावेत बसला होता. एकही अक्षर न ओळखणारी बाई माझ्या पुस्तकातलं हरवलेलं पान ऐकून शोधते, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. सगळ्यांच्या आया अशाच असतील, असं वाटायचं.

त्या चुलीपुढून मी दहावीपर्यंत गेले, पुढं नर्स झाले. हिंगोलीत दवाखान्यात पेशंटला औषध समजावून झालं की मी त्यालाच विचारते, "कसं घ्यायचं, मला सांगा बरं," आणि तो कुठं अडतो ते ऐकते. सोबतच्या बायकांना वाटतं, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले.

तू गेलीस तेव्हा लेक जन्मलीही नव्हती. आज बैठकीहून आल्यावर मी मोबाईल आतल्या खोलीत ठेवला, कणीक मळायला घेतली आणि तिला म्हटलं, "वाच, मी ऐकते." ती हसली. "तुला तर वाचता येतं आई. मग मी काहून वाचू?" "वाच तर खरं," मी म्हणाले.

ती वाचू लागली. मध्येच एका जोडाक्षरापाशी अडली. माझे हात थांबले. तिनं ओठ हलवले, बोट पुढं सरकवलं, मागं आणलं. तो शब्द माझ्या जिभेवर तयार होता. तू कशी थांबायचीस ग, हात पिठात ठेवून, इतका वेळ? मला वाटायचं, तुला येत नव्हतं म्हणून तू गप्प होतीस. पण मी रडकुंडीला यायचे तेव्हा शेजारच्या शिकलेल्या पोराला हाक मारणं तुला कितीसं अवघड होतं? तू एकदाही मारली नाहीस.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तू असतीस तरी मलाच ते वाचून दाखवावं लागलं असतं. फक्त एक सांगते, माय. त्या जोडाक्षरापाशी लेकीला अजून थोडा वेळ दिला असता तर तिला आलं असतं. मी सांगून टाकलं.