चौथं चित्र

१२ ऑक्टोबर १८५२
आले एकदाची. टपालगाडीने हाडं खिळखिळी केली, पण खोली पाहिली आणि सगळा शीण गेला. उत्तरेला मोठी खिडकी, खाली नदी, आणि टेबलावर बर्लिनहून आणवलेला पितळी सूक्ष्मदर्शक. छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणाऱ्याची मी लेक. तेवीस वर्षांत असं यंत्र कुणी माझ्या हाती दिलं नव्हतं. प्राध्यापक गुंडलाख यांच्या ग्रंथासाठी पेशींची चित्रं काढायची आहेत. तीन चित्रं आधीच्या चित्रकाराने, कॉर्बिनियानने, काढून ठेवली आहेत. चौथं, शेवटचं, माझं.

प्रयोगशाळेचा म्हातारा शिपाई वेंझेल याने बटाट्याचं गरम सूप वाढलं. कॉर्बिनियान कुठे गेला म्हणून विचारलं, तर म्हणाला, तापाने गेला, बाई, तुम्ही सूप घ्या, गार होतंय.

१४ ऑक्टोबर
इथली रीत मला फार आवडली. सकाळी भिंग तपासायचं ते स्वतःच्या तोंडाने. गालाच्या आतून काडी फिरवायची, काचेवर पाण्याच्या थेंबात पुसायची आणि जे दिसेल ते कागदावर उतरवून, नाव घालून खणात ठेवायचं. चपट्या पेशी, पातळ आवरण, आत दाणेदार रस, मधोमध केंद्रकाचा ठिपका. माझ्या पेशींत मात्र बहुतेकींना दोन दोन ठिपके आहेत. वेंझेल म्हणाला, तरीच बाई दोघींचं बोलणं एकट्या बोलतात. खणात कॉर्बिनियानचेही कागद सापडले. त्याच्या प्रत्येक पेशीला कडेशी एक खाच होती, बिस्किटाचा घास घेतल्यासारखी.

खरी वस्तू शेगडीजवळच्या फळीवर आहे. मोठी काचेची बरणी, तोंडाला डुकराचं मूत्राशय ताणून बांधलेलं, आत उकळून गाळलेला रस. गुंडलाखसाहेब म्हणतात, पाकात साखरेचे खडे धरतात तशा या रसात पेशी आपोआप धरतात. आधी दाणा, मग केंद्रक, मग भोवती आवरण. आई नाही, बाप नाही. तीन चित्रांत हेच आहे. चौथ्यात पुरी झालेली पेशी हवी, आणि खाली नेहमीची ओळ: प्रत्यक्ष पाहून काढलं. त्या ओळीखाली सही करणाऱ्याच्या शब्दावर सारा ग्रंथ उभा राहतो.

१९ ऑक्टोबर
पाच दिवस डोळे फोडले. एकाही दाण्याचं केंद्रक झालं नाही. आधीच पुरी असलेली पेशी कमरेत आवळते आणि एकीच्या दोन होतात, एवढंच होतं. साहेबांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, मुली, देवाने तुला हात दिलाय, डोकं माझं वापर. मी म्हटलं, डोळेही माझेच आहेत.

आणि बरणीतल्या पेशींना खाच आहे. कॉर्बिनियानची खाच.

त्याचं कारण संध्याकाळी कुंचल्याला टोक काढताना लक्षात आलं. आम्ही चित्रकार कुंचला ओठात धरून टोक काढतो आणि त्याच कुंचल्याने बरणीतला थेंब उचलतो. बिचाऱ्याचं तोंड बरणीत वाढतंय. माझंही पाच दिवसांपासून गेलं असणार. मला हसूच आलं. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा कुठला?

२३ ऑक्टोबर
बरणीत दोन ठिपक्यांच्या पेशी दिसल्या. खाचेच्या पेशी फाटून रिकाम्या झाल्या आहेत. आनंद व्हायला हवा होता.

कॉफीला चव लागत नाही. काडी फिरवली, काच कोरी. दुसऱ्या गालाला फिरवली, तीही कोरी.

वेंझेलला कॉर्बिनियानबद्दल खोदून विचारलं. खाली मान घालून म्हणाला, त्यांचीही आधी चवच गेली, बाई. तीन चित्रं साहेबांनी सांगितली तशी काढली, चौथ्याला हात आखडला. शेवटी तोंड आतून सोललं गेलं. मला ताप म्हणायला सांगितलं, मी म्हटलं. मला मेल्याला लाज नाही.

२७ ऑक्टोबर
ओठ बधिर. बरणीत दुधावरच्या सायीसारखा गुलाबी पापुद्रा धरलाय. मधोमध एक घडी.

साहेबांना सगळं ठाऊक आहे. शांतपणे म्हणाले, चौथं चित्र मी सांगतो तसं काढ, सही कर, बरणी नदीत रिकामी करतो. नाहीतर ती इथेच राहील. कॉर्बिनियानही हट्टी होता.

मला भीती वाटते. फार वाटते. पण माझ्या बापाने जन्मात एक खोटी रेघ कोरली नाही. मी नाही म्हटलं. नीट बोलता येत नव्हतं, म्हणून दोनदा म्हटलं.

२८ ऑक्टोबर
चित्र झालं. एक पेशी. आवळलेली. मग दोन. खाली लिहिलं: प्रत्यक्ष पाहून काढलं. या पेशी माझ्या तोंडातल्या आहेत. थेक्ला ब्रांट.

वेंझेलने कोटाखाली लपवून दुपारच्या टपालगाडीने छापखान्याकडे रवाना केलं. परत येऊन प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाला, साहेबांनी विचारलं तर मी बटाटे आणायला गेलो होतो.

२९ ऑक्टोबर, दुपार
आवाज गेला. जिभेवरून कातडं येतं. साहेबांना चित्राचं कळलंय. आतून कुलूप घातलं. ते दार ठोठावतायत.

बरणी समोर आहे. घडी उघडली — ओठ आहेत. माझे. वरच्या ओठावरचा माझा लहानपणीचा व्रणसुद्धा —

बाटलीतलं स्पिरिट बरणीत ओतलं. थोडंच. तिकडे पापुद्रा आकसला, इकडे माझं तोंड पेटलं. बाटलीला मी ओठही लावला नव्हता —

ते बाहेरून ओरडतायत, थांब, पोरी, त्या पेशी रसातून आल्या, आपोआप आल्या, तुझा काही संबंध नाही —

मग जळतंय कुणाचं —

बाटली अर्धी आहे. सगळी ओतणार, म्हणजे पुढच्या कुणाचं तोंड या बरणीत वाढणार नाही. ते ओठ हलतायत, नको म्हणतायत, माझ्याच — नाही. थांबणार नाही. ओतता ओतता लिहिते. चित्र छापखान्याकडे गेलंय, आता ते कुणाला परत आणता येणार नाही. खाली एवढी ओळ घाला — प्रत्येक पेशी ही पेशीपासूनच —