जोडणी सोडू नकोस

सोमवार, २
बसमधून उतरले तर दादा हजर. माझी बॅग उचलताना म्हणाला, ठमे, यात विटा भरून आणल्यास का. एवढी मोठी झाले तरी त्याच्यासाठी मी ठमीच. वहिनीने वरची खोली झाडूनपुसून ठेवली होती. खिडकीपाशी टेबल, पाठीला बरी खुर्ची, उशाशी दिवा. नणंद कायमची राहायला येणार कळल्यावर आपण आधी स्वयंपाकघरासाठी कुलूप आणलं, असं ती अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत होती. मला तिचं हे असलं बोलणं फार आवडतं. नोकरी दादाच्याच कारखान्यात लागली आहे, त्यानेच शब्द टाकला. तो तिथे फिटर आणि मी मात्र घरबसल्या, पंख्याखाली.

बुधवार, ४
काम समजलं. कारखान्यात पत्रे उचलून प्रेसखाली, म्हणजे ते दाबणाऱ्या यंत्राखाली, सरकवणारा एक यांत्रिक हात आहे, दोन पुरुष उंचीचा, जाळीच्या पिंजऱ्यात. त्याला चालवणारा कोड सारखा बदलत असतो. नवा कोड आला की पाईपलाईन नावाची तपासणीची यंत्रणा तो आपोआप जोडते, तपासते आणि शेवटी हाताला प्रत्यक्ष हलवून बघते. मध्येच काही बिनसलं की ती थांबते आणि मला निरोप येतो. मग मी इथून लॅपटॉपवर टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडून तिथल्या मशीनमध्ये शिरायचं आणि चूक शोधायची. मी जोडलेली आहे तोवर हात जागच्या जागी थांबलेला. ‘पुढे’ असं टाईप केलं की चालू.

गंमत म्हणजे माझी जोडणी तुटली तरीही चालू. मला हे उलटंच वाटलं, जोडणी तुटल्यावर तर थांबायला हवं. दादा म्हणाला, मालकाने मुद्दाम तसं करून घेतलंय, कोणी टर्मिनल उघडं ठेवून झोपलं तर माल अडू नये म्हणून. मी नवीन, म्हणून गप्प बसले.

आज कॅमेऱ्यातून चाचणी पाहिली. पत्र्याऐवजी वाळूचं पोतं ठेवतात. हाताने ते उचललं आणि असं आवळलं की पोतं फाटून वाळू जाळीबाहेर उडाली. कोडमध्ये कोणीतरी एक शून्य जास्त टाकलं होतं. मी लगेच शोधून काढलं, सुपरवायझर खूश.

शनिवार, ७
टर्मिनलमध्ये माझ्याबरोबर आणखी कोणीतरी असतं. मी कमांड चुकवली की अक्षरं आपोआप खोडली जातात आणि बरोबर कमांड उमटते. पहिल्यांदा दचकले, मग बरं वाटलं. नव्या माणसाला सांभाळून घेणारा कोणी जुना जाणता असेल. आज मी आभार मानले तर खाली उत्तर आलं, ‘चूक दिसली की दुरुस्त करायची.’ जरा शिष्टच दिसतोय, पण कामाचा आहे.

मंगळवार, १०
तो कोण, असं सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, टर्मिनलची परवानगी फक्त तुला आहे, दुसऱ्या कोणालाच नाही. तुझ्याआधी मास्तर होते. खरे मास्तर नव्हेत, पण सगळ्यांच्या चुका काढायचे म्हणून ते नाव पडलं. ते गेले. नोकरी सोडून गेले का, असं विचारल्यावर त्याने फोनच ठेवला.

जेवताना दादाजवळ विषय काढला. त्याचा घास हातातच राहिला. वहिनीने मला डोळ्यांनी दटावलं.

नंतर टर्मिनलमध्ये लिहिलं, मास्तर? मग एक ओळ आली, ‘तुझा भाऊ आत कधी येतो?’ पाईपलाईन मोकळी केली आणि खाली वहिनीपाशी जाऊन बसले.

गुरुवार, १२
सकाळी पाईपलाईन अडली. कारण एकच येत होतं, मनगटाचा सेन्सर सैल. मी जोडलेली होते, यांत्रिक हात थांबलेला होता. फिटरला बोलावण्याऐवजी सुपरवायझरनेच जाळीच्या फटीतून हात घालून सेन्सर चाचपायला घेतला. मी कीबोर्डला शिवलेही नव्हते. देवाशपथ नव्हते. पडद्यावर अक्षरं उमटली. पु. ढे.

त्याचा हात कोपरात पकडला गेला, पोत्यासारखा आवळला गेला आणि ओढला गेला. तो जाळीवर आपटत राहिला, चेहरा पुढे, पुन्हा पुन्हा, जाळी वाकेपर्यंत. कॅमेऱ्याला आवाज नाही. त्याचं तोंड उघडं दिसत होतं, दात रक्ताने भरलेले. तो खाली पडला तेव्हा कोपरापुढे काही उरलं नव्हतं.

मग पडद्यावर आलं, ‘हा नव्हे.’

शनिवार, १४
सुपरवायझर वाचेल म्हणतात. ‘पुढे’ माझ्या नावावर नोंदलं गेलंय. कोणाला काय सांगणार.

दादाला सगळं सांगितलं. मग तो बोलला. मास्तर सेन्सर बघायला पिंजऱ्यात गेले होते. जाताना दादाला टर्मिनलपाशी बसवलं आणि म्हणाले, जोडणी सोडू नकोस. दादा चहाला उठला आणि सवयीने लॅपटॉपचं झाकण लावून गेला. जोडणी तुटली. यांत्रिक हाताने मास्तरांना उचलून प्रेसखाली सरकवलं. प्रेस खाली आली, वर गेली, परत आली. चाचणीच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण झाल्या. फरशी दादानेच धुतली. मालकाने यंत्राचा बिघाड म्हणून मिटवून टाकलं, दादाचं नाव कुठेच नाही.

मला त्याचा भयंकर राग आला. तो लहान मुलासारखा रडायला लागला, तेव्हा त्याला जवळ घेतलं.

सोमवार, १६
मालक उद्यापासून नव्या माणसाला हातापाशी उभं करणार. त्याआधी दादाला हात कायमचा जखडायचाय. वीज तोडली तर हात खाली कोसळतो, म्हणून आधी आत जाऊन लोखंडी खुंटी ठोकावी लागते. तेवढा वेळ कोणीतरी जोडणी धरून बसायचं. म्हणजे मी. मी नको नको म्हटलं, पाया पडले. दुसऱ्या कोणाला मरायला पाठवणार नाही म्हणाला. दारातून वळून म्हणाला,

“ठमे, जोडणी सोडू नकोस.”

दुपार
दादा आत गेला. मोबाईल बाहेर खोक्यात, तसा नियमच आहे.

पडद्यावर ‘पु’. खोडलं.

परत. खोडलं.

डाव्या हाताने खोडतेय, उजव्याने लिहितेय. वहिनी बाजारात गेलीय, फोन उचलत नाही. वहिनी, आलीस की हे वाच. माझ्याकडून काही —

परत. खोडलं. मास्तरांना लिहिलं, त्याने मुद्दाम नाही केलं, चूक झाली त्याची.

‘चूक दिसली की दुरुस्त करायची.’

अक्षरं थांबली. दादा खुंटी बसवतोय, पाठमोरा दिसतोय. जीव भांड्यात —

नाही. झाकण हलतंय. लॅपटॉपचं झाकण. आपोआप खाली येतंय.

डावा हात मध्ये घातलाय. जड आहे, फार —

करंगळी मोडली. आवाज आला. दुसरं बोट — हाड वर — कीबोर्डवर रक्त —

हात काढत नाही. वहिनी, मी हात काढणार नाही —

फटीतून दिसतोय. वळला. कॅमेऱ्याकडे बघून हसला — माझ्याकडे — खुंटी अजून त्याच्या हातातच —

दादा, ठोक — बघू नको, ठोक —

वहिनी, मी सोडलं नाही — मनगट —